सातवा थर

‘ही सोंड इतकी उंच नव्हती,’ कर्नल पाटणकर म्हणाले. ‘वरचा एक थर काढा.’

टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ते एका डोळ्यानं पाहत होते. मी पलीकडे ओला कुंचला धरून उभी होते. मोठ्या डोंगरापासून फुटून नाल्याच्या दिशेनं उतरत आलेली ती सोंड मी दोन दिवसांपूर्वीच रंगवून पुरी केली होती. तिच्यावर चहाच्या चोथ्याचं वाळकं गवतही चिकटवून झालं होतं. आता ती कापायची म्हणजे केलेलं काम आपल्याच हातानं मोडायचं. पण माझ्या वडिलांनी मला धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली होती ती अशी, की गिऱ्हाईक म्हणेल तसा कळस. मी सुरी घेतली आणि वरचा थर अलगद सोडवला. तळहाताएवढा तुकडा निघाला.

कर्नलांनी पुन्हा हनुवटी टेकवली. 

‘अजून एक,’ ते म्हणाले.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या नोव्हेंबरातली. साताऱ्यात शनिवार पेठेत आमची शेड होती. वडील साइनबोर्ड रंगवायचे आणि गणपतीच्या आधी तीन महिने थर्मोकोलची मखरं करायचे. त्यांचा हात थरथरायला लागल्यावर ते काम माझ्याकडं आलं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्या वर्षी एका मंडळासाठी मी अख्खा घाट केला होता, वळणावळणाचा रस्ता, खाली नदी. तो पाहून सदर बझारातून एका निवृत्त कर्नलांचा निरोप आला.

मी गेले तर हॉलमध्ये जेवणाचं टेबल नव्हतंच. त्या जागी आठ फूट बाय चार फुटांचं मोठं टेबल, त्यावर हिरवी चादर आणि चादरीवर अंगठ्याएवढे शिशाचे शेकडो शिपाई. कर्नल एकटेच राहत. दर रविवारी दातांचे डॉक्टर मुथा त्यांच्याकडं येत आणि दोघं लढाई खेळत. मोजायला टेप, नशिबाला फासे. मुथा नेहमी शत्रू व्हायचे. खेळाचा एक नियम कर्नलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला: शिपायाला जे दिसतं त्याच्यावरच त्याला गोळी झाडता येते. मग त्याला काय दिसतं हे कसं ठरवायचं? मुथा दात तपासायचा तो लांब दांडीचा इवलासा आरसा आणत. तो शिपायाच्या डोक्यामागं धरायचा आणि वाकून बघायचं.

आतापर्यंत ते चादरीखाली पुस्तकं खुपसून डोंगर करत होते. या डिसेंबरात मात्र त्यांना खरी जमीन हवी होती. एकाहत्तरच्या लढाईला पंचवीस वर्षं होत होती, त्यांच्या कंपनीतली जुनी माणसं जेवायला येणार होती, आणि त्यांनी शत्रूचं जे ठाणं घेतलं होतं ती लढाई कर्नलांना त्यांच्यासमोर टेबलावर मांडायची होती.

त्यांनी मला नकाशा दिला आणि तो वाचायला शिकवलं. नकाशावरची प्रत्येक वेडीवाकडी रेघ म्हणजे सारख्या उंचीवरून फिरलेली वाट. एक रेघ ओलांडली की दहा मीटर चढ. आम्ही ठरवलं, एक रेघ म्हणजे अर्ध्या इंचाच्या थर्मोकोलचा एक थर. रेघ छापून घ्यायची, तापलेल्या तारेनं थर कापायचा, एकावर एक चिकटवायचा. मग प्लास्टरमध्ये बुडवलेलं बँडेजचं कापड त्यावर अंथरलं की पायऱ्या बुजतात आणि डोंगराला डोंगराचं अंग येतं. मखरापेक्षा हे काम मला फार आवडलं. मखरात सगळं देवाच्या मागं असतं. इथं प्रत्येक खाचखळग्याला काही काम होतं.

रंग पाण्यातलेच वापरावे लागत, तेलाचा रंग थर्मोकोल खाऊन टाकतो. आधी गडद तपकिरी, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं फिका रंग नुसता पुसून न्यायचा, म्हणजे उंचवटे उठून दिसतात. शिराळ्याची, म्हणजे दोडक्याची, वाळलेली जाळी कातरून हिरव्या रंगात बुचकळली की झुडपं होतात. नाल्याच्या तळाला थर्मोकोल नव्हता, तिथं पाण्यासाठी मी वाळूवर काळपट हिरवा रंग दिला आणि वर व्हार्निशचे पाच हात.

मी काम करत असताना कर्नल खुर्चीवर बसून कोण कुठं होतं ते सांगत. त्या वेळी ते मेजर होते, कंपनीचे प्रमुख. कंपनी पहाटे नाल्यातून पुढं सरकणार होती. डावीकडच्या उंच टेकाडावर दोन मशीनगन घेऊन नायब सुभेदार ज्ञानदेव इंगवले बसले होते. वायरलेस बंद ठेवायचा होता. कंपनी ठरल्या जागी पोचली की मेजरसाहेबांनी लाल काच लावलेली बॅटरी तीनदा दाखवायची, ती दिसताच इंगवल्यांनी ठाण्यावर मारा सुरू करायचा आणि त्या माऱ्याच्या आधारानं कंपनीनं चढायचं. बॅटरी दाखवली गेली. मशीनगन गप्प. अकरा मिनिटांनी त्या सुरू झाल्या, पण तेवढ्यात ठाण्यावरच्यांना चाहूल लागली होती. नाल्यात दोन जवान गेले. मेजरांच्या मांडीत गोळी शिरली. तरी ठाणं घेतलं. पुढं इंगवल्यांवर खटला वगैरे झाला नाही, पण बढती कायमची थांबली आणि दोनेक वर्षांत ते पेन्शन घेऊन गावी गेले. कंपनीच्या जेवणाचं बोलावणं त्यांना दरवर्षी जायचं. ते कधी आले नाहीत.

‘डुलकी लागली असणार,’ कर्नल म्हणाले होते. ‘तीन दिवस झोप नव्हती कुणालाच. मी मनात काही धरलं नाही.’

हे ते मोठ्या मनानं बोलले होते, आणि मलाही ते तसंच वाटलं होतं.

तर त्या दिवशी रंगकाम संपत आलं होतं. नाल्याच्या वळणावर कर्नलांनी आपला शिशाचा अधिकारी उभा केला, टेकाडावर दोन मशीनगन ठेवल्या. वळणाच्या काठावर सावली किती गडद द्यावी हे पाहायला मी मुथांचा आरसा त्या अधिकाऱ्याच्या मागं धरला. आरशात टेकाड दिसायला हवं होतं. दिसत होता तो सोंडेचा तपकिरी उतार, दुसरं काही नाही. मला वाटलं माझंच चुकलं. मी कर्नलांना सरळ म्हणाले, की साहेब, इथून मशीनगन दिसतच नाहीत.

त्यावर ते उठले, वाकले आणि मघाशी सांगितलं ते बोलले.

आता एक थर गेला होता, तरी आरशात टेकाड येत नव्हतं. ‘अजून एक’ म्हटल्यावर मी सुरी टेकवली, आणि मग उचलून घेतली. का उचलली हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. लढाईचं मला काय कळत होतं? पण त्या सोंडेच्या रेघा मी माझ्या हातानं छापल्या होत्या.

‘साहेब, नकाशात हिला सात रेघा आहेत,’ मी म्हणाले. ‘मी सात थर दिले होते, आता सहा राहिलेत. पाच केले तर ही दुसरीच जागा होईल.’

‘नकाशे चुकतात.’

‘चुकत असतील. पण मग सगळंच चुकलं असेल. तुमचा नाला, ते ठाणं, सगळं त्याच नकाशावरून केलंय.’

 कर्नलांचा आवाज चढला नाही. आज राहू द्या, एवढंच म्हणाले आणि काठी टेकत आत गेले. कापलेला तुकडा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून मी निघाले.

आठ-दहा दिवस काही निरोप आला नाही. एका शाळेच्या प्रदर्शनाचं काम मला त्यांच्याच शब्दावर मिळणार होतं, ते गेलं असं मी धरून चालले. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, की एक थर काढायला काय जात होतं तुझं. ते खरंच होतं. मी घरी नकाशा पुन्हा छापून काढला, रेघा मोजल्या. सातच. तरी मनाची खात्री होईना, म्हणून एका सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जाऊन आले. तिथल्या एका लहानशा उंचवट्याच्या अलीकडं उभी राहिले तर समोरचा अख्खा डोंगर गायब. चार पावलं पुढं गेले तर सगळा समोर. मी दोनदा पुढंमागं केलं. गवत कापणारी एक बाई माझ्याकडं बघत राहिली.

मग एका दुपारी कर्नल स्वतः आमच्या शेडमध्ये आले. मोडक्या मखरांच्या राशीतून काठी सावरत ते आत आले, वडिलांना नमस्कार केला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तुकडा माझ्यापुढं ठेवला.

‘हा होता तिथं बसवा,’ ते म्हणाले.

मी स्टूल पुसून दिलं. ते बसले. पहिले चार दिवस मी तुमच्यावर चिडून होतो, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. पाचव्या दिवशी त्यांनी तुकडा हातानं जागेवर ठेवला, आरसा धरला आणि शिशाचा अधिकारी नाल्यात जरा जरा पुढं सरकवत गेले. तीन बोटं पुढं नेल्यावर आरशात टेकाड आलं, दोन्ही मशीनगनसकट.

‘ठरलेली जागा तीच होती,’ ते म्हणाले. ‘आदल्या दिवशी मी आणि इंगवल्यांनी मिळून ठरवली होती. पहाटे मी तिथवर पोचायच्या आधीच पुढं नाल्यात पाणी चढलेलं दिसलं. जवानांना आवाज न करता त्यातून नेता येईना, म्हणून मी अलीकडच्या वळणावर थांबलो. चाळीस पावलं. अंधारात मला ती एकच जागा वाटली. बॅटरी मी तिथून दाखवली.’

वडिलांनी चहा मागवला होता. तो कर्नलांच्या हातात तसाच राहिला.

पुढचं त्यांनी फार सावकाश सांगितलं. चौथ्या दिवशी इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी अहवाल सांगून लिहवून घेतला होता: खूण वेळेवर केली, मारा उशिरा आला. दोन्ही वाक्यं त्यांना खरी वाटत होती. एक गोष्ट मात्र पंचवीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती. खूण दिसलीच नव्हती तर इंगवल्यांनी अकराव्या मिनिटाला मशीनगन चालवल्या त्या कुणाच्या हुकमावरून?

‘कुणाच्याच नाही,’ कर्नल म्हणाले. ‘नाल्यात गोळीबार ऐकला आणि स्वतःच्या जबाबदारीवर चालवल्या. हुकूम नसताना. त्यानं वाट बघितली असती तर आमच्यातलं कुणी उठलं नसतं.’

मग त्यांनी विचारलं, की हे सगळं उचलून दुसरीकडं नेता येईल का. मी म्हणाले, येईल, प्लायवूडच्या दोन फळ्यांवर केलंय, मधून सुटतं. मी तुकडा बसवला, सांध्यावर प्लास्टर भरलं, पुन्हा रंग दिला, पुन्हा चोथा चिकटवला. दोन दिवसांनी आम्ही टेम्पोत गाद्या घालून त्यावर त्या फळ्या ठेवल्या आणि कोरेगावच्या पलीकडं माळवाडीला गेलो. कर्नल ड्रायव्हरशेजारी, मी मागं, खड्ड्याखड्ड्याला फळी धरत.

इंगवल्यांचं घर गावाच्या कडेला होतं. ते अंगणात कडबा रचत होते. उंच, वाळलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. कर्नलांना पाहताच हातातली पेंढी खाली ठेवून ते ताठ उभे राहिले आणि सलाम केला. त्यांच्या बायकोनं, शेवंतामावशींनी, पाणी आणलं. कर्नलांनी मला सतरंजी अंथरायला सांगितली. आम्ही दोन्ही फळ्या अंगणात जमिनीवरच जोडल्या.

इंगवले जवळ आले. त्यांनी एकदाच सगळ्यावरून नजर फिरवली. जागा त्यांनी ओळखली होती.

कर्नलांनी शिपाई मांडले. स्वतःला वळणावर, इंगवल्यांना टेकाडावर. मग काठी बाजूला ठेवली आणि, साठी ओलांडलेला माणूस, तो जखमेचा पाय लांब करून धुळीत पालथा पडला. मी धरायला पुढं झाले तर त्यांनी हातानं थांबवलं. गाल जमिनीला लावून ते नाल्यातून वर बघत होते.

‘इंगवले,’ ते म्हणाले, ‘तुमच्या बाजूनं बघा.’

 मग इंगवलेही पलीकडच्या बाजूला पालथे पडले. दोन म्हातारे, मध्ये मी रंगवलेला डोंगर. रस्त्यानं जाणारी दोन माणसं कुंपणापाशी थांबली.

‘दिसत न्हाई, साहेब,’ इंगवले म्हणाले.

‘मलाही दिसत नाही. तेव्हाही दिसलं नसणार. चूक माझी होती. मी वळणावरच थांबलो.’

‘मला ठावं हुतं.’

कर्नल कोपरावर उठले.

इंगवले तसेच पडून, सोंडेकडं बघत बोलत होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते नाल्यात उतरले होते. वळणावर साहेबांच्या बॅटरीची फुटलेली लाल काच त्यांना सापडली. तिथं उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. जबाब घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी तसं सांगितलंही. त्यानं विचारलं, मेजरसाहेब खोटं बोलतात असं तुझं म्हणणं आहे का? साहेब तेव्हा इस्पितळात होते, पाय जातो की राहतो अशी गत होती. इंगवले म्हणाले, न्हाई. आणि तिथंच विषय मिटला.

‘मला का नाही लिहिलंत?’ कर्नलांनी विचारलं.

‘एक डाव लिवलं हुतं साहेब. टाकलं न्हाई.’

कर्नलांनी खिशातून एका पत्राची नक्कल काढली. मूळ पत्र आदल्याच दिवशी टपालात पडलं होतं, रेजिमेंटच्या पत्त्यावर. आधी टाकलं, ते म्हणाले, म्हणजे तुमच्यासमोर आल्यावर मला माघार घेता येऊ नये. त्यात सगळं लिहिलं होतं, चाळीस पावलंसुद्धा. इंगवल्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. पूर्ण वाचलं. घडी घालून परत दिलं.

‘ह्याचं आता मला काय करायचं,’ ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. ‘बढतीचं वय गेलं. मला दावू नका, साहेब. गजराक्काला दावा.’

कर्नलांना नाव कळलं नाही. शेवंतामावशींनी मला हळूच सांगितलं, मी ते कर्नलांच्या कानावर घातलं. नाल्यात गेलेल्या दोघांपैकी एक, शिपाई मारुती फाळके, याच गावचा होता. इंगवल्यांनीच त्याला भरतीला नेलं होतं. गजराक्का ही त्याची आई. इंगवल्याला डुलकी लागली म्हणून पोरगं गेलं, ही गोष्ट गावात त्यांच्याही आधी येऊन पोचली होती. तेव्हापासून पंचवीस वर्षं तिनं या घराशी बोलणं टाकलं होतं. पाणवठ्यावर शेवंतामावशी आल्या की ती रिकामी घागर घेऊन परत जायची.

कुंपणापाशी थांबलेल्यांपैकी एकजण तिला बोलवायला गेला. ती येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. ती आली. पाठीतून वाकलेली, हातात काठी नाही, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. अंगणाच्या तोंडाशी ती थांबली आणि इंगवल्यांकडं न बघता कर्नलांकडं बघू लागली.

कर्नल उभे राहिले होते, कपड्यांना धूळ तशीच. त्यांनी तिला सांगितलं. अहवाल, रेघा, थर यातलं काही नाही. ते म्हणाले, ‘आई, तुमचा मुलगा माझ्या चुकीनं गेला. मी दिवा चुकीच्या जागेवरून दाखवला. यांना तो दिसलाच नाही. हे झोपले नव्हते. यांनी मशीनगन चालवली म्हणून बाकीचे वाचले.’

 ती पुढं आली आणि सतरंजीच्या कडेला उकिडवी बसली. मी केलेल्या त्या डोंगरांकडं, झुडपांकडं ती बघत होती. देवाच्या मखरापुढं बायका बसतात तशी ती बसली होती, पण हात जोडलेले नव्हते.

‘माजा मारुती कुटं हाय ह्यात?’ तिनं विचारलं.

कर्नलांना वाकता येईना, म्हणून मी गुडघे टेकले. त्यांनी काठीनं जागा दाखवली आणि मी तिथं बोट ठेवलं. वळणाच्या जरा पुढं, नाल्याच्या मधोमध. तिथं शिपाई ठेवलेला नव्हता.

‘पानी हुतं का तितं?’

‘होतं,’ कर्नल म्हणाले. ‘गुडघाभर.’

तिनं हात लांब करून त्या पाण्याला बोटं लावली. व्हार्निशचं ते पाणी, कडक आणि चकचकीत. तिनं बोटं लगेच काढली नाहीत.

‘ज्ञानू,’ ती इंगवल्यांना म्हणाली. ‘तू मशीन चालू केलीस तवा त्यो जिता हुता का?’

 इंगवल्यांना सोपं उत्तर देता आलं असतं. कुणी त्यांना खोटं ठरवलं नसतं.

‘ठावं न्हाई, आक्का,’ ते म्हणाले. ‘वरनं दिसत नव्हतं.’

तिनं मान हलवली.  मग हात गुडघ्यावर रेटून उठली, पदर सारखा केला आणि दाराकडं बघत म्हणाली, ‘शेवंता, वाइच च्या टाक. ह्ये लांबनं आल्यात.’

शेवंतामावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या.  मग त्या आत गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग गजराक्का चुलीपाशी जाऊन बसली.